पाठ होतील अशी गीतं

प्रिय छकुली,



पेनसिल्व्हेनियातल्या त्या लहानशा एपिस्कोपल चर्चने तुला ऑर्गन वाजवायला नेमलं, हे ऐकून आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. तू मात्र फोनवर काळजीच बोलून दाखवलीस. 'आत्या, पुस्तकात ७२० गीतं आहेत, रविवारी लागतात चार-पाच. निवडायची कशी? आणि निवडली तरी ही माणसं गात का नाहीत?' दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नाहीत. इथे न्यू जर्सीत माझी सगळी उमेदीची वर्षं याच कामात गेली, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडून आलेली आणखीही काही मुलं इकडच्या चर्चमध्ये वाजवतात. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं. गीत निवडताना स्वतःला विचार, हे गीत या मंडळीला दहा वर्षांनी पुस्तक न उघडता म्हणता येईल का? आणि येणार असेल, तर यातले शब्द त्यांच्या तोंडी कायमचे बसावेत असं मला वाटतं का? तुझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती. नगरच्या देवळात 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक तिच्या हातात असायचं ते नुसतं धरायला. पण मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची गीतं तिला कडव्यामागून कडवं पाठ होती. शेवटच्या दुखण्यात पाळकसाहेब भेटायला यायच्या आधीपासून ती पडल्या पडल्या तीच म्हणत असायची. तिला जे काही देवाबद्दल ठाऊक होतं ते त्या गीतांतून आलं होतं, आणि ती गीतं कुणीतरी रविवारमागून रविवार निवडून तिला दिली होती. ते काम आता तुझ्याकडे आलं आहे.

तू वाढलीस त्या मंडळीत पाळकसाहेब उभे राहून गीताचा क्रमांक सांगायचे आणि पेटीवाला सूर धरायचा. इथली रीत वेगळी आहे. एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन परंपरेचं चर्च. पुण्यात पंचहौदाच्या देवळात तू उपासनेला बसली आहेस, तिथलं मूळही तेच. अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्या एकत्र येऊन १९७० मध्ये आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही या कुटुंबातच आहे. एपिस्कोपल उपासना दोन पुस्तकांवर चालते, १९७९ची प्रार्थनापोथी आणि 'हिम्नल १९८२' हे गीतपुस्तक. शास्त्रपाठ आधीच ठरलेले असतात. तीन वर्षांचं चक्र आहे, एक वर्ष मत्तयाचं, एक मार्काचं, एक लूकचं, आणि योहान मधूनमधून येतो. वर्ष सुरू होतं नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे निवड करायला बसताना हिम्नल बाजूला ठेव आणि बायबल उघड. त्या रविवारचे चारही पाठ मोठ्याने वाच. मोठ्याने वाचल्याशिवाय कानाला कळत नाही.

मत्तयाच्या वर्षातला लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, तिसरा रविवार घे. निर्गमाचा १७वा अध्याय: रानात तहानलेले लोक मोशेशी भांडतात आणि खडकातून पाणी निघतं. मग स्तोत्र ९५, रोमकरांस पत्राचा ५वा अध्याय, आणि शुभवर्तमान योहान ४, याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी स्त्री. म्हणजे दिवस तहानेचा आणि पाण्याचा आहे. आता हिम्नलकडे वळ. ६९० हे रानातून चालणाऱ्यांनी वाट दाखवायला केलेलं मागणं, चाल वेल्श, 'कुम रॉन्डा'. आत येताना हे घे, कारण ही चाल बहुतेकांना येते आणि पहिल्या गीताला माणसांचा आवाज मोकळा झाला पाहिजे. शुभवर्तमानाआधी ६९२. शब्द होरेशियस बोनारचे, आणि त्याच्या मधल्या भागात येशू तहानलेल्याला जिवंत पाणी देऊ करतो. चाल टॉमस टॅलिसची, १६व्या शतकातली, जुन्या वळणाची आणि गंभीर. ती वाजली की विहिरीची गोष्ट ऐकायला लोक आपोआप तयार होतात. शेवटी जॉन न्यूटनचं गीत, त्यातही वाहत्या पाण्याचे झरे आहेत. मात्र ते पुस्तकात लागोपाठ दोन क्रमांकांवर आहे, ५२२ आणि ५२३. शब्द तेच, चाली दोन, आणि इथे जरा थांबून विचार करावा लागतो.

५२२ची चाल हायडनची. १७९७ मध्ये त्याने ती ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी बांधली आणि पुढे ती जर्मनीचं राष्ट्रगीत झाली. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्लंडमध्ये ही चाल चर्चमध्ये गाणं लोकांना जड जाऊ लागलं. १९४१ मध्ये सिरिल टेलर या पाळकाने त्याच शब्दांसाठी नवी चाल केली. ब्रिस्टलजवळच्या एका गावावरून तिला 'ॲबट्स ली' म्हणतात, तीच ५२३. माझ्या मंडळीत एक वृद्ध बाई होत्या, युद्धात युरोपातून जीव वाचवून आलेल्या घरातल्या. ५२२ सुरू झालं की त्या पुस्तक मिटून खाली बसायच्या. कधी तक्रार केली नाही. हायडनची चाल फार सुंदर आहे आणि तिचा काही दोष नाही, तरीही त्या असेपर्यंत आमच्याकडे ५२३च गायलं गेलं, आणि आता मंडळीला तेच पाठ आहे. चालीला आठवणी चिकटलेल्या असतात. त्या कुणाच्या आहेत हे ठाऊक नसेल तर विचारून घ्यायचं.

एका शब्दरचनेला दुसरी चाल बसते कशी, हे आपल्याला नवीन नाही. अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं जुळली की तोच अभंग हव्या त्या चालीत म्हणता येतो. इंग्रजी गीतांचंही तसंच आहे, आणि हिम्नलच्या वादकांसाठीच्या आवृत्तीत छंदांची सूची दिलेली आहे. 'ॲबट्स ली', 'हिफ्रिडॉल', 'बीचर' या सगळ्या एकाच मापाच्या चाली. दिवसाच्या पाठांना अगदी नेमकं बसणारं पण कुणाला न येणारं गीत हाती लागलं, तर ते ओळखीच्या चालीवर घे. नवे शब्द आणि नवी चाल दोन्ही एकाच रविवारी मंडळीपुढे ठेवू नयेत. वर्षाकाठी तीन-चार नव्या चाली पुष्कळ झाल्या. नवी चाल आधी एका रविवारी उपासनेपूर्वी नुसती वाजव, पुढच्या रविवारी गायकवृंदाकडून म्हणवून घे, मग मंडळीला दे, आणि दिल्यावर महिन्याभरात पुन्हा दे. एकदा गाऊन वर्षभर बाजूला पडलेलं गीत कुणाच्या लक्षात राहत नाही. कोणत्या रविवारी काय गायलं याची वही ठेव.

दर रविवारी येणारे ठरलेले भाग तर याहून महत्त्वाचे आहेत. गौरवगान, 'पवित्र, पवित्र, पवित्र', भाकर मोडतानाचं गान, हे हिम्नलच्या पुढच्या भागात 'एस' अक्षराच्या क्रमांकांनी दिलेले आहेत. रॉबर्ट पॉवेलचं गौरवगान एस २८०, त्याचंच 'पवित्र' एस १२९, आणि शुबर्टच्या चालीवरचं एस १३०. आठवड्याच्या आठवड्याला हे बदलायचा मोह होतो, पण उपासनेचा हंगाम बदलल्याशिवाय ते बदलू नकोस. लहान मुलं पुस्तकाशिवाय गायला शिकतात ती सर्वात आधी यातूनच. आगमनकाळात आणि लेंटमध्ये रविवारी गौरवगान नसतं, लेंटमध्ये 'हल्लेलूया'ही नसतं. गीताच्या शेवटच्या कडव्यात कुठेतरी एखादा 'हल्लेलूया' दडलेला असतो, म्हणून कडवी शेवटपर्यंत वाचून मगच क्रमांक छापायला दे. चाळीस दिवस तो शब्द तोंडी आलेला नसतो, म्हणून ईस्टरच्या सकाळी तो येतो तेव्हा माणसं तो छाती भरून म्हणतात.

स्तोत्रांबद्दल थोडक्यात. ती म्हणायच्या अँग्लिकन चँटमध्ये एका ओळीच्या चालीत दहा स्वरमेळ असतात आणि गद्यासारख्या लांब-आखूड ओळी त्यावर बसवाव्या लागतात. गायकवृंद तयारीचा नसेल तर ते लोकांना झेपत नाही. जेरोम मीचन यांनी सोपा केलेला चँट आहे, त्यात प्रत्येक अर्ध्या ओळीला एकदाच सूर बदलतो. तो घे. बोलण्याच्या लयीत म्हणायला शिकव, घाई नको.

आता तुझा दुसरा प्रश्न, माणसं गात का नाहीत. बऱ्याचदा उत्तर वाजवणाऱ्याच्या हातात असतं.

तू पेटीवर शिकलीस, मग पियानोवर. पेटीचा भाता हलतो तेव्हा हाताला श्वास कळतो. पियानोवर बोटाने जोर देता येतो. ऑर्गनची कळ जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज तेवढाच येतो आणि बोट उचलेपर्यंत तो कमीही होत नाही. मग ठेका कळायचा कसा? तो शांततेतून कळतो. ठोक्याच्या आधीचा सूर किंचित आखूड सोडायचा, म्हणजे पुढचा सूर उठून येतो. वरच्या ओळीत तोच सूर दोनदा आला तर तो दोनदा स्पष्ट वाजव, कारण लोक त्यावर शब्द म्हणत असतात. आतल्या आवाजांत आला तर बांधून ठेवला तरी चालतो. ओळ संपली की हात उचल. ते उचलणं म्हणजे मंडळीचा श्वास. दोन कडव्यांमधली जागा दर वेळी तेवढीच ठेव. ती एकदा जास्त आणि एकदा कमी झाली की शंभरातली ऐंशी माणसं पुढचं कडवं सुरू करायला घाबरतात. सुरुवातीची ओळ ज्या लयीत वाजवशील त्याच लयीत गीत चालव. आणि वाजवताना स्वतः शब्द म्हणत राहा. शब्द म्हणणाऱ्या वादकाचा हात आपोआप योग्य जागी उचलला जातो, हे मी कितीतरी विद्यार्थ्यांत पाहिलं आहे.

आवाजाचंही तसंच. तुझ्या चर्चमध्ये तीस-चाळीस माणसं, खाली गालिचा. गालिचा आवाज खातो, म्हणून वादकाला वाटतं अजून एक स्टॉप ओढावा. तो ओढला की माणसाला शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो ऐकू आला नाही की आपण एकटेच गातोय असं वाटून तो गप्प होतो. आठ फुटी आणि चार फुटी प्रिन्सिपलवर बहुतेक गीतं चालतात. चमकदार स्टॉप शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेव. एखादं ओळखीचं गीत असेल तर मधल्या कडव्याला हात पूर्ण काढून घे आणि त्यांनाच गाऊ दे. पहिल्यांदा ते बिचकतील, दुसऱ्यांदा त्यांना स्वतःचा आवाज आवडेल. पट्टीही पाहा. वरचा सूर फार वर जात असेल तर पुरुष गाणं सोडतात. अर्धा-एक सूर खाली उतरवून वाजवायला शिक, त्यात कमीपणा नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी लोक पुस्तक ठेवून वेदीकडे चालत जातात. तेव्हा सहा कडव्यांचं गीत घेतलं तर गायकवृंद एकटाच गातो. तिथे लहान, पुन्हा पुन्हा येणारं काही घे. फ्रान्समधल्या तेझे इथल्या समूहासाठी जाक बेर्तिए यांनी अशी कितीतरी छोटी गानं केली आहेत.

शब्दांबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण आपण भारतातून आलेलो आहोत. पवित्र त्रैक्याच्या रविवारी तू ३६२ वाजवशील, तीनदा 'पवित्र' म्हणत सुरू होणारं. ते रेजिनाल्ड हीबर यांचं. इंग्लंडमध्ये हॉडनेटला पाळक असताना त्यांनी ते लिहिलं आणि १८२३ मध्ये ते कलकत्त्याचे बिशप झाले. तेव्हा मुंबईसकट सगळा भारत त्याच धर्मप्रांतात येई. १८२६ मध्ये त्रिचनापल्लीला त्यांचा अंत झाला. याच हीबरनी १८१९ मध्ये मिशनकार्यासाठी दुसरं एक गीत लिहिलं होतं, त्यात सिलोनच्या सुगंधी वाऱ्याचं कौतुक आहे आणि तिथल्या माणसांना मात्र नीच म्हटलं आहे. गांधीजींनी त्या ओळीवर उघड आक्षेप घेतला होता. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती मुलांना ती ओळ पाठ होती. 'हिम्नल १९८२'मध्ये ते गीत नाही, आणि नाही हेच बरं. एकाच माणसाचं एक गीत जगभर टिकावं आणि दुसरं गळून पडावं, हा निवाडा निवडणाऱ्यांनी केला. तुझी दर आठवड्याची यादी हाही तसाच निवाडा आहे, लहान असला तरी.

दुसरं गीत ५२९. ख्रिस्तात पूर्व-पश्चिम भेद नाही असं सांगणारं. शब्द जॉन ऑक्सनम यांचे, १९०८चे. चाल कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीतल्या भक्तिगीताची. ती या शब्दांसाठी बसवली हॅरी बर्ली यांनी. बर्ली तुझ्याच पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचे, जन्म १८६६चा. त्यांचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले आणि पुढे दृष्टी गेलेले. त्या आजोबांच्या तोंडून नातवाने ती गाणी ऐकली. न्यूयॉर्कला संगीत शिकताना बर्लींनी ती संगीतकार द्वोर्झाकना गाऊन दाखवली. १८९४ मध्ये तिथल्या सेंट जॉर्जेस या श्रीमंत गोऱ्या एपिस्कोपल चर्चमध्ये एकल गायकाची जागा त्यांना मिळाली. मंडळीतल्या काहींचा विरोध होता. ते तिथे ५२ वर्षं गायले. चालीचं नाव 'मकी' आहे, ते त्याच चर्चच्या एका रेक्टरवरून, म्हणजे मुख्य पाळकावरून. ५२९ वाजवशील तेव्हा हे सगळं गायकवृंदाला सांग. आणि कृष्णवर्णीयांची गीतं त्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून फेब्रुवारीपुरती बाहेर काढून परत कपाटात ठेवू नकोस. एपिस्कोपल चर्चने 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' या गीतपुस्तकाचा दुसरा भाग १९९३ मध्ये काढला, तो बाकांवर नसेल तर मागून घे. तुझ्या मंडळीतल्या म्हाताऱ्या लोकांना आवडणारी पण हिम्नलमध्ये नसलेली कितीतरी गीतंही त्यात सापडतील. ती त्यांना नाकारू नकोस. आजोळी शिकलेलं गीत माणूस मागतो तेव्हा त्याच्याकडे ते आधीच पाठ असतं, आणि आपल्याला हवं आहे तेच ते.

आपलं मराठी तिथे गाता येईल का, असं तू विचारलं होतंस. येईल. प्रार्थनापोथीप्रमाणे गायकवृंदाच्या गीताचे शब्द पवित्र शास्त्रातले, पोथीतले किंवा त्यांच्याशी सुसंगत असावे लागतात, आणि टिळकांचे शब्द त्यात सहज बसतात. त्यांच्या गीतांचे इंग्रजी अनुवाद निकोल मॅकनिकल यांनी केले आहेत. अर्पणाच्या वेळी पेटी घेऊन बस, एक कडवं मराठीत म्हण, अर्थ पत्रिकेत छाप. पण वर्षातून एकदा पाहुण्यासारखं नको. तेच गीत दोन-तीनदा येऊ दे, ध्रुवपद त्यांनाही म्हणू दे. न्यू जर्सीत माझ्या मंडळीतली आयरिश आडनावाची माणसं टिळकांचं ध्रुवपद म्हणतात, आणि बरं म्हणतात.

बाकी व्यवहाराचं. चर्चच्या नियमांप्रमाणे संगीताबाबत शेवटचा शब्द पाळकांचा, पण त्यांनी जाणकारांची मदत घ्यावी असंही तिथेच लिहिलं आहे. म्हणून रेक्टरबाईंबरोबर दर महिन्याला बस, त्या कशावर प्रवचन करणार ते विचार, आणि मतभेद झाला तर तो त्यांच्या खोलीतच मिटव. पत्रिकेत गीत छापायचं किंवा उपासना इंटरनेटवर दाखवायची तर परवाने लागतात, ते चर्चने काढले आहेत का पाहा. लग्नाच्या वेळी वधूपक्ष सिनेमातलं काही मागेल तर रेक्टरबाईंकडे पाठव. अंत्यविधीला मात्र घरच्यांचं ऐक. त्या दिवशी ते जे मागतात ते बहुधा मेलेल्या माणसाला पाठ असलेलं असतं.

आता एक काम कर. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी नवं वर्ष सुरू होईल. त्याआधी मंडळीतल्या दहा-बारा जणांना, त्यात दोन लहान मुलंही घे, विचार की तुम्हाला पुस्तकाशिवाय कोणती गीतं येतात. जी नावं येतील ती वहीच्या पहिल्या पानावर लिही. मग येत्या वर्षात त्या पानावर कोणती तीन गीतं नव्याने चढली पाहिजेत ते रेक्टरबाईंशी बोलून ठरव, आणि ती यादी मला पाठव.

तुझी,
आत्या